संसर्गजन्य रोगांच्या जिनोमशास्त्रात यायचंय? मराठवाड्यातल्या नव्या पशुवैद्यकांसाठी पायऱ्या

जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे झाडाखाली मरून पडू लागले. दोन्ही वेळा नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि बर्ड फ्लूचं निदान तिथून आलं. असल्या विषाणूचा जिनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण जनुकीय मजकूर, वाचायला तसलीच बंदिस्त प्रयोगशाळा लागते, ती तालुक्याच्या गावी उभी राहत नाही. पण मेलेल्या पक्ष्याच्या घशात स्वॅब घालणारा हात इथलाच होता. हा लेख त्या हातासाठी आहे.

सिक्वेन्सिंग म्हणजे जिनोम वाचण्याचं मशीन चालवणारे आता पुष्कळ आहेत, संगणकावर विश्लेषण करणारे त्याहून जास्त. खपली कुठली घ्यायची, जनावराला लस कधी टोचली, ते कुठल्या बाजारातून आलं, हे विचारून नीट लिहून आणणारा माणूस मात्र सापडत नाही. पशुवैद्यकाची खरी किंमत तिथे आहे. संगणक शिकायचाच आहे, पण गोठा सोडून नाही.

पायरी १ : शिक्षण कुठून, कोणत्या विषयात

बारावीला जीवशास्त्र घेऊन ‘नीट’ द्यायची आणि महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या प्रवेशप्रक्रियेतून बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच.ला जायचं. विद्यापीठाचं मुख्यालय नागपूरला आहे, मराठवाड्यात परभणी आणि उदगीर अशी दोन महाविद्यालयं आहेत. साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. हे इंटर्नशिपचं वर्ष बरेच जण स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकात घालवतात. जिनोमशास्त्रात यायचं असेल तर याच वर्षात शवविच्छेदन स्वतःच्या हाताने करायला शिका, रक्ताचा पातळ स्मिअर काढून गिम्सा रंगवायला शिका, आणि रोज एक जनावर पूर्ण इतिहासासह नोंदवहीत लिहा. पुढे यातलं काही कुणी शिकवत नाही.

एम.व्ही.एस्सी. दोन वर्षांची. सूक्ष्मजीवशास्त्र, पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य व साथरोगशास्त्र, पशु जैवतंत्रज्ञान यांपैकी कुठलाही विभाग चालतो. पॅथॉलॉजी घेतलेल्यांचंही काही बिघडत नाही, उलट ऊती वाचता येतात. राज्याबाहेर जायचं असेल तर आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषद) अखिल भारतीय परीक्षा द्या आणि बरेलीजवळच्या इज्जतनगरची आयव्हीआरआय (भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था) डोळ्यासमोर ठेवा. (ही संस्था १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली होती, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं.) पीएच.डी.साठी बंगळूरची निवेदी (पशु साथरोग संस्था), भोपाळची निहसाद (वर आलेली उच्च सुरक्षा संस्था), हिस्सारचं अश्व संशोधन केंद्र आणि हैदराबादची राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्था ही नावं लक्षात ठेवा. उदगीर-देगलूरकरांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ पडतं, याचा फायदा घ्या.

प्रबंधाचा विषय छोटा निवडा. ‘मराठवाड्यातील सर्व विषाणूंचे जिनोम’ असा विषय घेणारा विद्यार्थी दोन वर्षांनी पुरत्या पैशाअभावी अर्ध्या जनुकाचा प्रबंध लिहितो. उस्मानाबादी शेळ्यांतल्या पीपीआर या विषाणूजन्य रोगाच्या एन जनुकाचे दहा-बारा अनुक्रम (जनुकीय अक्षरांच्या रांगा), किंवा दगडीच्या, म्हणजे कासेच्या दाहाच्या, दुधातून वाढवलेल्या वीस जीवाणूंतली प्रतिजैविक प्रतिकाराची जनुकं, एवढं नीट झालं तरी भरपूर.

पायरी २ : आधी कुठल्या जंतूवर हात बसवायचा

दगडी म्हणजे मस्टायटिसच्या दुधातले ई. कोलाय आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे शिकण्यासाठी सगळ्यांत सोयीचे. जीवाणू पेट्रीडिशवर वाढतो, म्हणजे डीएनए भरपूर आणि शुद्ध मिळतो. चूक झाली तर तीच वसाहत पुन्हा वाढवता येते. जिनोम साधारण ३० ते ५० लाख बेसचा, म्हणजे जनुकीय अक्षरांचा. दुधाचा नमुना प्रतिजैविकाची सुई टोचण्याआधी घ्या. सडाचं टोक ७० टक्के अल्कोहोलने पुसा, पहिल्या धारा टाकून द्या, मग ५ ते १० मिली दूध निर्जंतुक बाटलीत आडवी धरून घ्या. बाटली उभी धरली की कासेवरची धूळ आणि शेण सरळ आत पडतं आणि डिशवर चार-पाच जातींचे जीवाणू उगवतात.

त्यानंतर विषाणू. लम्पी हा डीएनए विषाणू, टणक, खपलीत भरपूर सापडणारा. पीपीआर आणि लाळ्या खुरकूत हे आरएनए विषाणू, नमुना जरा तापला की आरएनए तुटतो. म्हणून क्रम असा ठेवा : आधी जीवाणू, मग लम्पी, मग आरएनए विषाणू.

काही गोष्टींना नवख्याने हात लावायचाच नाही. फाशी म्हणजे अँथ्रॅक्सचा संशय असेल, जनावर अचानक मेलं असेल आणि नाकातोंडातून काळपट न गोठणारं रक्त येत असेल, तर शव उघडू नका. हवा लागली की जीवाणू बीजाणू बनवतो आणि ती जमीन कित्येक दशकं धोक्याची राहते. कानाच्या शिरेतून थेंबभर रक्ताचा स्मिअर घ्या, मेथिलीन ब्ल्यूने रंगवून कॅप्सूल बघा, वरिष्ठांना कळवा. गर्भपात झालेल्या गाई-म्हशीचा जार उघड्या हाताने ओढू नका. ब्रुसेला माणसाला होतो, आणि पशुवैद्यकांना हमखास असाच होतो. त्याची वाढ बीएसएल-३ (जैवसुरक्षा पातळी ३) प्रयोगशाळेतच करायची असते. बर्ड फ्लूचा संशय असेल तर स्वॅब घ्या, सील करा, पाठवा. तुमचं काम तिथे संपतं.

पायरी ३ : नमुना

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत पैसे ओतून चुका झाकता येतात, इथल्या चुका झाकता येत नाहीत.

आधी परवानगी. प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायदा २००९ नुसार अनुसूचित रोगाचा संशय आला तर तो कळवणं बंधनकारक आहे. लम्पी, लाळ्या खुरकूत, पीपीआर त्यात येतात. म्हणून पशुसंवर्धन विभागाच्या तालुका अधिकाऱ्याला सोबत घेऊनच गोठ्यात जा. निदानाचा एक संच त्यांच्यामार्फत औंध, पुणे इथल्या रोग अन्वेषण विभागाकडे जाऊ द्या, दुसरा संच तुमच्या अभ्यासासाठी. महाविद्यालयाच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी त्याआधीच हातात असली पाहिजे.

लम्पीसाठी सगळ्यांत चांगला नमुना खपलीचा. गाठीवरची, सुटायला आलेली खपली निर्जंतुक चिमट्याने उचला. एकाच जनावराच्या तीन-चार वेगवेगळ्या जागांवरून घ्या, पण जनावर बदललं की चिमटा आणि हातमोजे बदला. पीसीआर (जनुकाचा ठरावीक तुकडा अनेक पटींनी वाढवण्याची पद्धत) आणि सिक्वेन्सिंगसाठी खपली कोरडीच क्रायोव्हायलमध्ये टाका. बर्फाशिवाय लांब पाठवायची वेळ आली तर १० टक्के ग्लिसरॉल असलेलं माध्यम वापरतात. तेव्हा तुकडा मोठा घ्या, म्हणजे माध्यम मधल्या भागापर्यंत झिरपत नाही, आणि प्रयोगशाळेत मधलाच भाग वापरा. रक्त घ्यायचं तर जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत ३ ते ५ मिली. हिरव्या झाकणाच्या हिपॅरिनच्या नळीत घेऊ नका, हिपॅरिन पीसीआर अडवतं. रक्तात लम्पीचा विषाणू थोडेच दिवस राहतो. गाठी फुटून खपल्या धरल्यावर घेतलेलं रक्त निगेटिव्ह आलं म्हणून रोग नव्हता असं होत नाही.

लाळ्या खुरकुतीत न फुटलेला किंवा नुकताच फुटलेला फोड शोधा. जिभेवरची किंवा खुरांच्या बेचक्यातली साल किमान १ ग्रॅम घ्या आणि ग्लिसरॉल व फॉस्फेट बफर समप्रमाणात असलेल्या द्रवात टाका. बफरचा पीएच ७.२ ते ७.६ मध्येच हवा. हा विषाणू आम्लाला फार नाजूक असतो, पीएच ६ च्या खाली गेला की मरतो. जुना, महिनोन्‌महिने कपाटात पडलेला बफर हे निगेटिव्ह निकालाचं नेहमीचं कारण. गावात जाण्याआधी पीएच पट्टी बुडवून बघा, दोन मिनिटांचं काम.

शेळ्यांच्या पीपीआरमध्ये डोळ्यातून आणि नाकातून स्वॅब घ्या, तोही आजाराच्या सुरुवातीला, ताप चढलेला असताना. स्वॅब प्लॅस्टिकच्या काडीचा आणि पॉलिएस्टरचा असावा. लाकडी काडी आणि कापसाचा स्वस्त स्वॅब पीसीआरला मारक ठरतो.

आता नावनिशाणी. नळीच्या झाकणावर लिहू नका, अंगावर लिहा. झाकणं अदलाबदल होतात. साधा मार्कर स्पिरिट लागलं की पुसला जातो, अल्कोहोलला टिकणारा घ्या, नाहीतर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी वर पारदर्शक टेप लावून चिकटवा. जनावराच्या कानातला बारा आकडी बिल्ला उतरवून घ्या, लसीकरणाची नोंद त्यावरूनच जुळते.

पशुपालकाला ‘आजार कोणत्या तारखेला सुरू झाला?’ असं विचारलंत तर तो काहीतरी तारीख सांगून मोकळा होईल. ‘पोळ्याच्या आधी की नंतर?’, ‘दसऱ्याला बैल चालत होता का?’, ‘माळेगावच्या यात्रेहून आणलाय का?’ असं विचारा आणि तारीख घरी येऊन पंचांगावरून काढा. गेल्या महिना-दीड महिन्यात जनावर कुठे कुठे गेलं हे दोनदा विचारा. हाळी हंडरगुळीचा बाजार, चारा छावणी, पाहुण्यांकडून आणलेली कालवड, आणि बीड-धाराशिवकडे असाल तर ऊसतोडीला गेलेली बैलजोडी. दिवाळीच्या आसपास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेले बैल उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. हा प्रवास नोंदवला नाही तर जिनोमच्या झाडावर, म्हणजे विषाणूंच्या वंशवृक्षावर, बीडचा विषाणू कोल्हापूरच्या विषाणूशेजारी का बसला याचं उत्तर कधीच मिळत नाही.

लस कधी आणि कोणती, हा प्रश्न लम्पीत विसरलात तर पुढे फसाल. २०२२ मध्ये आपल्याकडे गायवर्गाला शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. तो विषाणू लम्पीच्या विषाणूचा सख्खा भाऊ, अनुक्रम सुमारे ९६ टक्के सारखा. लस टोचल्यावर काही दिवसांत गाठ आली तर त्या गाठीतला विषाणू लसीचा की साथीचा? दोघांत सारख्या असलेल्या भागावर बेतलेला पीसीआर हे सांगू शकत नाही. आरपीओ३० आणि जीपीसीआर ही जनुकं वाचली तर फरक कळतो. आणि तारीख लिहिलेली असेल तर शंका कधी घ्यायची हे कळतं.

वाहतूक. तिहेरी वेष्टण : नळी, तिच्याभोवती शोषक कापूस आणि गळती न होणारा डबा, त्याबाहेर आइसबॉक्स. तापमान २ ते ८ अंश. रक्ताची नळी गोठलेल्या जेलपॅकला थेट टेकवू नका, तांबड्या पेशी फुटतात आणि सुटलेलं हिमोग्लोबिन पीसीआर बंद पाडतं. मध्ये वर्तमानपत्राच्या दोन घड्या पुरतात. मे महिन्यात नांदेडहून पुण्याला ट्रॅव्हल्सच्या डिकीत डबा टाकून दिला तर सकाळी आत कोमट पाणी निघतं. डबा माणसासोबत सीटवर पाठवा. लांब मुदतीसाठी उणे ८० अंश. नमुना आल्या दिवशीच छोट्या भागांत वाटून ठेवा, कारण एकच नळी वारंवार वितळवून गोठवली की डीएनए-आरएनएचे तुकडे पडतात. लोडशेडिंगच्या गावात फ्रीजरला जनरेटरची जोड नसेल तर नमुने साठवायचा मोह टाळा, लगेच पुढे पाठवा.

पायरी ४ : डीएनए काढणं आणि मोजणं

खपलीचे २५ मिलिग्रॅमपर्यंत तुकडे करून प्रोटिनेज-के टाकून ५६ अंशांवर रात्रभर ठेवा. जास्त खपली घातली तर जास्त डीएनए मिळेल असं वाटतं, प्रत्यक्षात कॉलम (डीएनए धरून ठेवणारी गाळणीची नळी) चोंदतो आणि कमीच मिळतो. शेवटच्या धुण्यानंतर रिकामा कॉलम पुन्हा एकदा फिरवा. अल्कोहोल मागे राहिलं की पुढची विकरं काम करत नाहीत.

नॅनोड्रॉपवर (प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) २६०/२८० गुणोत्तर डीएनएसाठी १.८ च्या आसपास, आरएनएसाठी २.० च्या आसपास हवं. पण किती नॅनोग्रॅम आहे यासाठी नॅनोड्रॉपवर विसंबू नका, तो तुटके तुकडे, आरएनए आणि क्षार सगळंच मोजतो. मोजणी क्यूबिटवर (डीएनएला चिकटणाऱ्या चमकत्या रंगावरून मोजणारं यंत्र) करा.

प्रत्येक गटासोबत एक रिकामी नळी, म्हणजे नमुन्याऐवजी पाणी घातलेली, सुरुवातीपासून सिक्वेन्सिंगपर्यंत न्या. त्या नळीत लम्पीचे तुकडे निघाले तर तुमच्या बाकीच्या निकालांवर किती विश्वास ठेवायचा ते कळतं. पीसीआरचं मिश्रण बनवायची खोली आणि पीसीआर झालेली नळी उघडायची खोली वेगळी हवी. दोन खोल्या नसतील तर दोन टेबलं, दोन पिपेटसंच, दोन ॲप्रन, आणि दिवसभरात एकाच दिशेने जायचं, मागे फिरायचं नाही.

मग रिअल टाइम पीसीआर. सीटी आकडा (पीसीआरच्या कितव्या फेरीला विषाणू दिसला तो) ३.३ ने वाढला की विषाणू दहापट कमी. १८ आणि २८ मध्ये हजारपटीचा फरक. पूर्ण जिनोमसाठी २५ च्या आतले नमुने निवडा. ३२ सीटीच्या नमुन्यावर फ्लोसेल (सिक्वेन्सिंग मशीनमधली चिप) खर्च करणं म्हणजे पैसे पाण्यात.

पायरी ५ : सिक्वेन्सिंग

थेट मोठ्या मशीनवर जाऊ नका. आधी सँगर (एकेक तुकडा वाचायची जुनी पद्धत) करा. ५०० ते ७०० बेसचा पीसीआर तुकडा दोन्ही बाजूंनी वाचून घ्या आणि क्रोमॅटोग्राम (अक्षरागणिक शिखरं दाखवणारा आलेख) स्वतःच्या डोळ्यांनी बघा. सुरुवातीचे तीस-चाळीस बेस धूसर असतात, ते कापायचे. एका जागी दोन शिखरं एकावर एक दिसली तर मिश्र संसर्ग किंवा दूषण. हे बघायची सवय नसलेला माणूस पुढे लाखो तुकड्यांच्या ढिगात चूक ओळखू शकत नाही.

आता पूर्ण जिनोमचं गणित. लम्पीचा जिनोम सुमारे १ लाख ५१ हजार बेसचा. प्रत्येक बेस सरासरी १०० वेळा वाचायचा तर १ कोटी ५१ लाख बेस लागतात, म्हणजे काहीच नाही. अडचण गाईची आहे. गाईचा जिनोम सुमारे २७० कोटी बेसचा आणि प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती. पेशीमागे विषाणूची एकच प्रत असेल तर छत्तीस हजारांत एक भाग विषाणूचा. चांगल्या खपलीत पेशीमागे हजारो प्रती असतात म्हणून काम भागतं. नमुन्यात विषाणूचा वाटा १ टक्का असेल तर तेच १०० वेळांचं वाचन मिळवायला १५१ कोटी बेस वाचावे लागतात, ०.१ टक्का असेल तर दीड हजार कोटी. हे गणित ऑर्डर देण्याआधी कागदावर करा. वाटा कमी असेल तर विषाणूचे एकमेकांवर चढणारे पीसीआर तुकडे वाढवून घ्या, गाय आपोआप मागे पडते.

लहान प्रयोगशाळांत मिनआयन हे तळहाताएवढं यंत्र सोयीचं. त्याचा फ्लोसेल फ्रीजमध्ये ठेवायचा, फ्रीजरमध्ये नाही. गोठला की गेला. वापरण्याआधी पोअरची (डीएनए वाचणाऱ्या सूक्ष्म छिद्रांची) तपासणी करा, ८०० च्या खाली भरले तर वॉरंटीत बदलून मागा. भरताना हवेचा एक बुडबुडा सेन्सरवर गेला की त्याखालचे पोअर कायमचे मरतात. म्हणून प्राइमिंगआधी (फ्लोसेलमध्ये द्रव भरण्याआधी) पिपेटने थोडा द्रव मागे ओढून बुडबुडा बाहेर काढा, पण फार ओढू नका, सेन्सर कोरडा पडतो. रॅपिड बारकोडिंग किटला नमुन्यामागे २०० नॅनोग्रॅम डीएनए लागतो. लॅपटॉपची झोप बंद करा, डिस्कवर मोकळी जागा ठेवा, यूपीएस लावा. एसी नसलेल्या खोलीत उन्हाळ्यात हा उद्योग करू नका.

जीवाणूंचे नमुने बाहेरच्या सेवेकडे इल्युमिनावर (आखूड तुकडे वाचणारं मशीन) पाठवणं सहसा स्वस्त पडतं. ५० लाखांच्या जिनोमला ५० पट वाचन म्हणजे २५ कोटी बेस. सेवा देणाऱ्याकडून फास्टक्यू, म्हणजे कच्च्या वाचनांच्या, फायली मागा. रंगीत पीडीएफ अहवालावर समाधान मानू नका, त्यातून पुन्हा विश्लेषण करता येत नाही.

पायरी ६ : संगणक

१६ जीबी रॅम आणि ५०० जीबी एसएसडीचा लॅपटॉप शिकायला पुरतो. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबुंटू टाका. पहिला महिना फक्त टर्मिनल, फायली, पाइप आणि कोंडा (प्रोग्रॅम बसवून देणारं साधन). तेवढाही लॅपटॉप नसेल तर गॅलेक्सी नावाची मोफत सेवा ब्राउझरमध्ये चालते, तिथे सुरुवात करा. सरावाला स्वतःच्या नमुन्याची वाट बघू नका, एनसीबीआयच्या एसआरए कोठारात लम्पीच्या कच्च्या फायली पडलेल्या आहेत.

क्रम असा. फास्टक्यूसीने दर्जा बघा, फास्टपीने इल्युमिनाचे अडॅप्टर कापा. गाईच्या जिनोमवर मिनिमॅप२ चालवून गाईचे तुकडे बाजूला काढा. उरलेले लम्पीच्या संदर्भ जिनोमवर बसवा. नीथलिंग २४९० हा स्ट्रेन वापरतात, क्रमांक एनसी_००३०२७, लांबी १,५०,७७३ बेस. सॅमटूल्सने प्रत्येक जागेवर किती वाचनं आली ते काढा. जिथे १० पेक्षा कमी, तिथे अंतिम अनुक्रमात एन, म्हणजे ‘अक्षर माहीत नाही’, लिहा. नॅनोपोअरसाठी, म्हणजे मिनआयनच्या वाचनांसाठी, २० धरलेलं बरं. रिकामी जागा संदर्भाच्या अक्षरांनी भरून जाते ही नवख्यांची सगळ्यांत महाग चूक. सगळे नमुने संदर्भासारखे दिसतात आणि ‘विषाणूत बदल नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो.

पीसीआर तुकड्यांची पद्धत वापरली असेल तर प्रायमरचा (पीसीआर सुरू करून देणाऱ्या तयार तुकड्याचा) भाग कापायलाच हवा. तो अनुक्रम जनावराचा नसतो, तो तुम्ही बाजारातून विकत आणलेला असतो.

लम्पीच्या दोन्ही टोकांना सुमारे २,४०० बेसचा तोच मजकूर उलटा छापलेला असतो. आखूड वाचनं दोन्ही ठिकाणी सारखीच बसतात, त्यांचा मॅपिंग दर्जा शून्य येतो आणि तिथले बदल गाळले जातात. म्हणून टोकांवरचे बदल जपून वाचा, लांब वाचनं असतील तर त्यांच्याशी ताडून बघा.

तपासणीच्या दोन सोप्या खुणा. पीपीआरच्या पूर्ण जिनोमची लांबी सहाने निःशेष भागली पाहिजे, १५,९४८ भागिले ६ बरोबर २,६५८. तुमची लांबी सहाने भागली जात नसेल तर कुठेतरी अक्षर सुटलंय किंवा जास्त घुसलंय. आणि लाळ्या खुरकुतीच्या व्हीपी१ (विषाणूच्या कवचाचं जनुक) च्या ६३३ बेसमध्ये मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारी खूण) आला तर विषाणूला दोष देण्याआधी नॅनोपोअरची सलग सारख्या अक्षरांत होणारी चूक तपासा. कुठलाही अनोखा बदल आयजीव्हीमध्ये (वाचनं पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाला सांगू नका.

पायरी ७ : झाड वाचणं

माफ्टने अनुक्रम एका रांगेत लावा, आयक्यू-ट्रीने झाड काढा. झाड काढणं पाच मिनिटांचं आहे, वाचणं कठीण.

विषाणू किती वेगाने बदलतो ते आधी ठाऊक हवं. लाळ्या खुरकुतीचा व्हीपी१ वर्षाला साधारण १ टक्का बदलतो, म्हणजे ६३३ पैकी सहाएक अक्षरं. यावरून साथ कुठून आली याचा अंदाज बांधता येतो. लम्पी मात्र संथ आहे, दीड लाख अक्षरांत वर्षाला जेमतेम एखाद-दुसरा बदल. एका तालुक्यातल्या एका महिन्यातल्या दहा गाई घेऊन ‘अमक्याच्या गाईकडून तमक्याच्या गाईला’ असं झाडावरून सांगणारा थापा मारतोय. लम्पीचं झाड मोठ्या प्रश्नाला उत्तर देतं. २०१९ मध्ये ओडिशात आलेलाच विषाणू २०२२ मध्ये पसरला का, हा तसा प्रश्न. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या गटाने गुजरात, महाराष्ट्र, राजस्थान आणि कर्नाटकातल्या गुरांच्या नमुन्यांतून २२ पूर्ण जिनोम वाचले तेव्हा त्यात दोन वेगळे प्रकार सापडले : एक आधीच्या भारतीय नमुन्यांशी जुळणारा, दुसरा बराच बदललेला.

दुसरी फसगत नमुन्यांच्या निवडीची. सगळे नमुने महामार्गालगतच्या गावांतले असतील तर विषाणू महामार्गाने पसरला असंच झाड सांगणार. पाच नमुने कमी घ्या, पण आडवळणाच्या गावांतून घ्या.

नोकरी आणि पैसा

प्रकल्पावर जेआरएफ (कनिष्ठ संशोधक) म्हणून लागलात आणि नेट किंवा तत्सम राष्ट्रीय परीक्षा पार केलेली असेल तर २०२३ पासूनच्या केंद्राच्या दराने महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडं, एसआरएफला ४२,०००. प्राध्यापकीसाठी एएसआरबीची (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ) नेट, आयसीएआरच्या शास्त्रज्ञपदासाठी एआरएस (कृषी संशोधन सेवा) परीक्षा. खासगीत लस आणि निदान किट बनवणाऱ्या कंपन्या घेतात, हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स आपल्याला त्यातली जवळची. नागपूरला राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली आहे, तिकडे लक्ष असू द्या. एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी झालात तरी हे दार बंद होत नाही. चांगले नमुने ज्याच्या ताब्यात, त्याला सहलेखक म्हणून बोलावणारे शोधत येतात. फक्त नमुने देण्याआधी लेखात नाव, माहितीवरचा हक्क आणि उरलेल्या नमुन्याचं काय करायचं हे कागदावर लिहून घ्या. तोंडी शब्दावर आइसबॉक्स देऊ नका. राज्य पशुवैद्यक परिषदेची नोंदणी संशोधनात गेलात तरी चालू ठेवा.

पायरी ८ : जमा करणं आणि कळवणं

अनुक्रम जेनबँकेत (अनुक्रमांचं सार्वजनिक कोठार) आणि कच्च्या फायली एसआरएमध्ये किंवा फरिदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रात जमा करा. बर्ड फ्लूसारख्या इन्फ्लुएंझासाठी जिसएड हे वेगळं कोठार आहे. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहा आणि एक्सेलचा तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा, नाहीतर दिवस आणि महिना कधी उलटतील कळणारही नाही. ठिकाण जिल्ह्यापर्यंतच द्या. गावाचं नाव, कानातला बिल्ला, मालकाचं नाव तुमच्या कुलपातल्या वहीत राहू द्या. गावाच्या नावाला रोग चिकटला की दूध संकलन केंद्रावर आणि बाजारात पशुपालकाला त्याची किंमत मोजावी लागते, आणि पुढच्या वेळी तो गोठ्याचं फाटक उघडत नाही.

तालुका अधिकाऱ्याला मराठीत एक पानाचा अहवाल द्या. त्यात झाडाचं चित्र नको. किती नमुने, किती पॉझिटिव्ह, लसीचा विषाणू की साथीचा, कुठल्या भागातल्या विषाणूशी जुळतो, आणि कुठल्या बाजारावर लक्ष ठेवावं, एवढंच. पशुपालकाला फोन करून निकाल सांगा, तोही जमलं तर जेनबँकेचा क्रमांक यायच्या आत.